सिनेमा पाहून धनुष्य घेताय? ६२ इंची टेकडाउन रिकर्व्ह, पडद्यावरच्या नेमबाजीच्या कसोटीवर

मोठा साहसपट येऊन गेला की तिरंदाजीच्या रेंजवर नवे चेहरे दिसू लागतात, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: किती पौंडांचं, म्हणजे ओढायला किती जड, घेऊ? मनात ठरवून आलेला आकडा ५० च्या पुढचा असतो. आमचं उत्तर ३०, आणि अंगकाठी लहान असेल तर २५.

हा आढावा आहे ६२ इंची, तीन तुकड्यांत सुटं होणाऱ्या (टेकडाउन), टोकं पुढे वळलेल्या (रिकर्व्ह) लाकडी धनुष्याचा, ३० पौंडी लिम्बसह. लिम्ब म्हणजे मुठीच्या वर-खाली जोडलेले, वाकणारे दोन तुकडे. कोरियाच्या सॅमिक सेजमुळे लोकप्रिय झालेला हा घाट आता बऱ्याच कंपन्या बनवतात, त्यामुळे इथलं बहुतेक सगळं त्यांनाही लागू पडेल. पारंपरिक धनुष्य चालवणारी माणसं सिनेमातल्या प्रसंगांवर का वैतागतात, ते हे धनुष्य हातात घेतलं की लगेच कळतं. पडद्यावर जे चुकीचं दाखवतात त्यातलं बरंचसं केलं, तर हेच धनुष्य मोडतं नाहीतर हात दुखावतो. म्हणून सिनेमा बाजूला ठेवून या धनुष्याबद्दल लिहिताच येत नाही.

आधी पौंडांचं बघू. लिम्बवर छापलेले ३० पौंड हे धनुष्य २८ इंच ओढल्यावरचे असतात. आपला ओढा किती, म्हणजे आपण स्ट्रिंग (दोर) किती इंच ओढतो, हे काढायला दोन्ही हात आडवे पसरा, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजा आणि अडीचने भागा. १६५ आले तर ६६ सेंटिमीटर, म्हणजे २६ इंच. ओढा एक इंच कमी झाला की या वजनाच्या धनुष्यात साधारण दोन पौंड उतरतात. म्हणजे या माणसाच्या बोटांवर प्रत्यक्षात २६ च्या आसपासच भार येतो, आणि शिकायला तेवढा पुरेसा आहे. पूर्ण ओढून, हात हनुवटीशी किंवा ओठांच्या कोपऱ्याशी टेकवून, खांदा न उचलता आणि न थरथरता दहा सेकंद धरता आलं, तर ते वजन तुमचं. नाही आलं तर पाच पौंड खाली या. वजन झेपत नसलं की माणूस खांदा कानाला लावतो, दोर अर्धवट ओढून सोडतो, आणि मग ती सवय मोडायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. टेकडाउनचा खरा फायदा इथेच आहे. ताकद वाढली की मधला रायझर, म्हणजे मुठीचा तुकडा, तोच ठेवून फक्त लिम्ब बदलायचे.

सिनेमात सेनापती हात वर करतो, शेकडो तिरंदाज पूर्ण ओढून थांबतात, मग भाषण होतं आणि मग बाण सुटतात. १५४५ मध्ये बुडालेलं आणि १९८२ मध्ये वर काढलेलं इंग्लंडचं ‘मेरी रोझ’ जहाज आठवा. त्यात सापडलेल्या युद्धधनुष्यांचं ओढायचं वजन १०० पौंडांच्या पुढचं असावं असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तसलं धनुष्य ओढून कुणी उभं राहत नाही. ओढणं आणि सोडणं ही एकच हालचाल असते. आपल्या ३० पौंडीतही नेमावर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळलात तर गट फाकतो, म्हणजे लक्ष्यावरचे बाण पांगतात. घाई नको, पण ताटकळणंही नको.

आता जोडणी. पेटीतून रायझर, दोन लिम्ब, दोन बोल्ट आणि डॅक्रॉन या कृत्रिम धाग्याची स्ट्रिंग निघते. खालचा लिम्ब कोणता, हे त्याच्यावरच्या छापील मजकुरावरून कळतं. उलटा लावू नका. लिम्ब खाचेत सरळ बसवा, बोल्ट हाताने घट्ट होतील तेवढेच पिळा, पाना लावू नका. स्ट्रिंग चढवायला बो-स्ट्रिंगर, म्हणजे धनुष्याच्या दोन्ही टोकांना अडकवून पायाखाली दाबायची दोरी, वापरा. तो पेटीत नसेल तर आधी तो विकत घ्या, मगच धनुष्याला हात लावा. पडद्यावरचा नायक धनुष्य मांडीमागे अडकवून झटक्यात दोर चढवतो. तसं केलं की भार एका बाजूला पडतो, लिम्बला पीळ बसतो आणि तो सहसा परत सरळ होत नाही. स्ट्रिंग चढली की धनुष्य मागून पाहा. ती वरच्या आणि खालच्या दोन्ही लिम्बच्या बरोबर मधोमध दिसायला हवी. एका बाजूला झुकलेली दिसली तर लिम्ब काढून पुन्हा बसवा. तरीही झुकत असेल तर ते धनुष्य परत करा.

मुठीच्या सर्वांत खोल जागेपासून स्ट्रिंगपर्यंतचं अंतर, म्हणजे ब्रेस हाइट, साडेसात ते सव्वाआठ इंचांमध्ये असायला हवं. कमी असेल तर स्ट्रिंग उतरवून तिला आणखी पीळ द्या, ती आखूड होते. जास्त असेल तर पीळ सोडा. अंतर कमी राहिलं की सुटलेली स्ट्रिंग मनगटावर बसते आणि धनुष्य जास्त आवाज करतं. नवी डॅक्रॉन सुरुवातीला ताणली जाते, म्हणून पहिले पन्नासेक बाण झाले की पुन्हा मोजा. नॉक म्हणजे बाणाच्या शेपटीची खाच आणि शेल्फ म्हणजे रायझरवरची बाण टेकवायची कड. नॉकची जागा दाखवणारा स्ट्रिंगवरचा मणी, शेल्फपासून स्ट्रिंगला काटकोनात येणाऱ्या रेषेपेक्षा सुमारे अर्धा इंच वर बसवा. बाण शेल्फला घासून वर उसळतोय असं वाटलं तर तो थोडा-थोडा सरकवून पाहा.

एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. धनुष्य ओढताना कर्रर्र आवाज करत नाही. सिनेमात तो ध्वनी हमखास असतो, ताण दाखवायला. तुमच्या हातातलं करकरलं तर तिथेच थांबा, स्ट्रिंग हळूहळू पुढे न्या आणि मग ती धनुष्यावरून उतरवा. बहुतेक वेळा लिम्ब खाचेत नीट बसलेला नसतो किंवा बोल्ट सैल असतो. ते ठीक असेल तर लिम्बच्या कडांवरून नखं फिरवा. काचतंतूचा थर आणि लाकूड यांच्यामध्ये फट लागली तर तो लिम्ब संपला. गोंद लावून वापरू नका, तो चेहऱ्यासमोर फुटतो.

बाण न लावता ओढून सोडणं ही याहून मोठी चूक, आणि घरी आलेला प्रत्येक पाहुणा नेमकं तेच करू पाहतो. चित्रीकरणात पुष्कळदा हलकं धनुष्य थोडंसंच ओढलेलं असतं आणि बाण नंतर संगणकावर घातलेला असतो, त्यामुळे पाहणाऱ्याला त्यात धोका दिसत नाही. ओढताना लिम्बमध्ये साठलेली ऊर्जा सुटल्यावर बाणात जायला हवी. बाणच नसेल तर ती लिम्बमध्येच आदळते आणि थर सुटतात. फार हलका बाणही याच कारणाने वाईट. ओढायच्या वजनाच्या दर पौंडाला निदान आठ ग्रेन बाणाचं वजन धरा. ३० पौंडांना २४० ग्रेन झाले, आणि ३०० ग्रेन, म्हणजे सुमारे १९ ग्रॅम असेल तर धनुष्य शांत चालतं. घरी सराव करायचा तर रबरी व्यायामपट्टी ओढा, धनुष्य नको.

बाणांच्या बाबतीत दुकानदारावर विसंबू नका. कार्बन बाणावर ५००, ७०० असा आकडा असतो, तो ताठपणाचा. २८ इंचांच्या अंतराने टेकवलेल्या बाणाच्या मध्यावर १.९४ पौंड वजन टांगलं की तो किती हजारांश इंच वाकतो, ते तो आकडा सांगतो. म्हणजे आकडा मोठा, बाण मऊ. या धनुष्याला ७०० ते ८०० चालतात. ओढा आखूड असेल तर ८०० कडे झुका. सोबत मिळणारे ५०० चे बाण उजव्या हाताच्या नेमबाजाला सतत डावीकडे पडतात. बाण सुटताना वाकून रायझरला वळसा घालतो आणि मग सरळ होतो. ताठ बाण तो वळसा नीट घेत नाही. नवखा माणूस आपल्या हाताला दोष देत बसतो. लाकडी बाण हवे असतील तर ३०-३५ पौंडांच्या गटातले घ्या.

पिसं खरीच हवीत. प्लास्टिकची पाती शेल्फवर आपटून बाण उडवतात, पिसं दबून जातात. आणि प्रत्येक बाण लावण्याआधी दोन्ही हातांनी हलका वाकवून, कानाशी नेऊन तडा ऐकून पाहायचा. भिंतीतून किंवा शत्रूच्या छातीतून उपसलेला बाण नायक लगेच पुन्हा सोडतो; तडा गेलेला कार्बन बाण सुटताना फुटला तर त्याचे तुकडे डाव्या हातात घुसतात. लक्ष्यातून बाण काढताना एक तळवा लक्ष्यावर टेकवा, बाण मुळाशी धरून थोडा पिळत सरळ ओढा, आणि मागे कुणी उभं नाही ना ते बघा. नॉक डोळ्यात जातो.

एका वेळी तीन बाण? ‘बाहुबली २’ (२०१७) मधल्या त्या प्रसंगाबद्दल आम्हाला सारखं विचारलं जातं. दृश्य म्हणून देखणं आहे. पण धनुष्याची ऊर्जा तीच राहते, ती तिघांत वाटली जाते, आणि तीन नॉकपैकी जास्तीत जास्त एकच योग्य जागी असतो. उरलेले दोन कुठे जातील ते सांगता येत नाही. मुंबईसारख्या गर्दीच्या शहरात हा प्रयोग कुणीही करू नये. ३० पौंडी धनुष्याचा चुकलेला बाण शंभर मीटरच्या पलीकडे सहज जातो, म्हणून गॅलरी, गच्ची, सोसायटीचं आवार यांतलं काहीच चालत नाही. मागे जाळी किंवा मातीचा बांध असलेली, प्रशिक्षक असलेली रेंजच हवी.

बाण सरळ रेषेत जातो, हेही पडद्यावरचंच. या धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण ४५ मीटर जातो असं धरलं, तर ३० मीटर गाठेपर्यंत तो दोन मीटरांहून जास्त खाली येतो. तेवढं वर धरायला शिकणं हाच पारंपरिक नेमबाजीचा गाभा आहे, कारण इथे साइट, म्हणजे नेम धरायची खूण, नसते. सुरुवात दहा मीटरवर करा. गट हातभर फाकत असेल तोवर मागे सरकू नका.

सगळेच सिनेमे नापास नाहीत. १९३८ च्या ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’मधली नेमबाजी हॉवर्ड हिल या निष्णात धनुर्धराने केली होती, आणि त्यातलं बाणांचं उडणं आजही खरं वाटतं. ‘द हंगर गेम्स’साठी (२०१२) जेनिफर लॉरेन्सला ऑलिंपिक तिरंदाज खातुना लोरिग यांनी शिकवलं, तिची उभं राहण्याची ढब आणि अँकर, म्हणजे ओढलेला हात चेहऱ्याशी टेकवणं, पाहण्यासारखं आहे. धनुष्य थोडं तिरकं धरलेलं दिसलं की काही जण लगेच चूक काढतात, तेही बरोबर नाही. साइट नसलेल्या धनुष्यात दहा-वीस अंश तिरकं धरल्याने नजर मोकळी होते आणि बाण शेल्फवर टिकतो.

बाणाची बाजू मात्र पाहण्यासारखी गोष्ट आहे. उजव्या हाताने, तीन बोटांनी ओढणाऱ्याचा बाण धनुष्याच्या डावीकडे असतो. अंगठ्याने ओढणाऱ्याचा उजवीकडे. द्रोणाचार्यांनी एकलव्याकडे अंगठाच का मागितला, ते अंगठ्याची पद्धत माहीत असली की लगेच उमगतं. आपल्या पौराणिक मालिकांत बोटांनी ओढलेला बाण उजवीकडे ठेवलेला दिसला की जाणकार हळहळतात. या टेकडाउनचं शेल्फ डावीकडे कोरलेलं आहे, त्यामुळे अंगठ्याच्या पद्धतीसाठी हे घेऊ नका. त्याला शेल्फ नसलेलं घोडेस्वारी धनुष्य आणि अंगठी लागते. उजव्या हाताचं धनुष्य म्हणजे उजव्या हाताने ओढायचं, आणि निवड हातापेक्षा प्रबळ डोळ्यावरून करा. दोन तळव्यांच्या फटीतून दूरची वस्तू पाहा, एकेक डोळा मिटा. ज्या उघड्या डोळ्याला वस्तू फटीत दिसत राहते तो प्रबळ.

पाठीवरचा भाता रुबाबदार दिसतो, पण वाकलं की बाण सांडतात आणि रेंजवर शेजाऱ्याच्या तोंडाशी पिसं जातात. कमरेचा घ्या. बोटांना चामडी टॅब आणि डाव्या हाताला आर्मगार्ड हे खर्चात धरूनच चला. नायक उघड्या हाताने मारतात. तुमचं कोपर जरा जास्त सरळ झालं की स्ट्रिंग आतल्या बाजूची कातडी काळीनिळी करते.

मुंबईसाठी हे धनुष्य सोयीचं आहे, कारण सुटं केल्यावर ते जेमतेम दोन-सव्वादोन फुटांच्या पिशवीत बसतं आणि लोकलच्या रॅकवर राहतं. बाणांना मात्र टणक नळी घ्या. मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका, उष्णतेने थरांमधला गोंद सुटतो. पावसाळ्यात बोल्टच्या आट्यांना तेलाचं बोट लावा, स्ट्रिंगला मेण चोळा, आणि रायझर ओला झाला तर पंख्याखाली वाळवा, उन्हात नको. भिजून चपटी झालेली पिसं किटलीच्या वाफेवर काही सेकंद धरली की पुन्हा उभी राहतात. लिम्ब भिंतीला टेकवून ठेवले तर पीळ धरतात. आडवे, कपाटात, कापडी पिशवीत ठेवा.

तक्रारी दोन. मूठ जाड आहे, लहान पंज्याच्या माणसाला मनगट वळवून धरावं लागतं. आणि सोबतची डॅक्रॉन स्ट्रिंग कामचलाऊ असते. काही महिन्यांत चांगली घ्यावी लागते. लिम्बची टोकं मजबूत केलेली आहेत असं उत्पादकाने लिहिलं नसेल तर नवीही डॅक्रॉनचीच घ्या. फास्टफ्लाइटसारखा न ताणणारा धागा साध्या टोकांना कापत जातो.