उद्योजकाने आमदारकी कुठून लढवावी: विधानसभा की स्थानिक संस्थांची विधान परिषद?

वय 25 की 30, मुदत पाच वर्षं की सहा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सरकारी ठेक्याची अडचणही दोन्हीकडे सारखीच. राज्य सरकारकडच्या मालपुरवठ्याचा किंवा कामाचा करार तुमच्या नावावर चालू असेल, तर छाननीत अर्ज उडतो. काम पूर्ण करून दिलंय आणि फक्त बिल अडकलंय, तर हरकत नाही. देखभाल-दुरुस्तीची मुदत बाकी असेल तर मात्र आधी वकिलाला गाठा.

विधान परिषद धंदेवाल्याला मोह घालते. मतदार म्हणजे नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य, पंचायत समितीचे सभापती, मोजून काहीशे. खर्चाला मर्यादा नाही. एका जागेसाठी 400 वैध मतं पडली, तर 201 ला काम फत्ते. मतदाराने मात्र केंद्रावर मिळालेल्याच पेनाने पहिल्या पसंतीच्या उमेदवारापुढे आकड्यात 1 लिहायला हवा. अक्षरात ‘एक’ लिहिलं किंवा खाली सही ठोकली, की मत बाद. मुरलेले नगरसेवकही इथे घसरतात.

विधानसभेत 40 लाखांची मर्यादा आणि रोजची खर्चवही. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी वेगळं बँक खातं उघडायचं. मित्राने खुर्च्या फुकट दिल्या तरी जिल्ह्याच्या दरपत्रकाप्रमाणे त्यांचा खर्च धरला जातो. निवडणूक खर्च निरीक्षकांची छाया नोंदवही, म्हणजे तुमच्या खर्चाची त्यांनी ठेवलेली वेगळी नोंद, समांतर चालूच असते. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब दिला नाही, तर तीन वर्षं अपात्र ठरू शकता. कटकट आहे, पण चांगला मुनीम ती निभावतो.

परिषदेची कटकट मुनीमाच्याही हातातली नाही. किमान 75 टक्के स्थानिक संस्था अस्तित्वात आणि 75 टक्के मतदार पदावर नसतील, तर निवडणूकच लागत नाही. 2022 मध्ये मुदत संपलेल्या सोलापूर, पुणे, ठाणे, जळगावच्या जागा 2025 उजाडलं तरी रिकाम्याच होत्या. तोवर कार्यकर्ते सांभाळा, गाड्या फिरवा, आणि ज्यांच्याशी वर्षानुवर्षं संबंध जपले ते नगरसेवक माजी झालेले बघा! भांडवल असं बिनमुदत अडकवणं मला तरी पटलं नाही. मी विधानसभा धरली.

पक्षाची पालिकांवर भक्कम पकड असेल आणि निवडणुका नुकत्याच उरकल्या असतील, तर परिषदेचं गणित जमूही शकतं. एरवी विधानसभाच बरी, असं आपलं माझं मत. राज्यात कुठूनही उभं राहता येतं. फक्त नाव दुसऱ्या मतदारसंघाच्या यादीत असेल, तर तिथल्या नोंदीची प्रमाणित प्रत अर्जासोबतच जोडा.