पाठीवर काय छापायचं?

आमच्या शाळेच्या फुटबॉल संघाच्या जर्सी यंदा अमळनेरमधल्याच एका छोट्या छपाईवाल्याकडून करून घेतल्या. तालुक्यातले क्रीडाशिक्षक मित्र विचारताहेत, म्हणून लिहितो.

कापड डॉट निट, नंबरासकट एक जर्सी ३२० रुपये. खान्देशात मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे जातो. अंगाला चिकटणारं चकचकीत कापड घातलं की पोरं हाफटाइमलाच गळून जातात. हे जाळीदार आहे, हवा खेळते. छपाई सब्लिमेशनची. रंग उष्णतेने धाग्यातच उतरतो, त्यामुळे चिकटवलेल्या नंबरासारखे पोपडे निघत नाहीत. काखेतली शिलाई मात्र एकेरी. आमच्या गोलकीपरची पहिल्याच झेपेत उसवली. दुकानदाराने पैसे न घेता सगळ्या जर्सींना दुहेरी टीप मारून दिली. तरी तुम्ही ऑर्डर देतानाच सांगा.

दुकानदाराचा पहिला प्रश्न होता, सौजन्य कोणाचं? आपल्याकडे संघाला जर्सी मिळते ती कुणातरी भाऊंच्या किंवा दादांच्या नावासकट, आणि ते नाव नंबरापेक्षा मोठं असतं. आम्ही वर्गणी काढली होती. रंग पोरांनी मतदानाने ठरवला, १९८२ च्या वर्ल्डकपमधल्या ब्राझीलचा पिवळा. पाठीवर हिरवा आकडा, बस. कर्णधाराला ८, त्या ब्राझील संघाचा कर्णधार सॉक्रेटिस याचा.

दुकानदार म्हणाला, ‘सर, पाठवर नावच नही, मंग वयखी कोन?’

मी सांगितलं, त्या वेळी वर्ल्डकपमध्ये पाठीवर नावं नसायचीच, ती १९९४ पासून आली. आणि सॉक्रेटिसला ओळखायला नाव लागत नव्हतं. उंची १.९२ मीटर, दाढी, आणि मागे न बघता टाचेने दिलेला पास. मिडफिल्डमध्ये तो धावाधाव फार करायचा नाही, चेंडू त्याच्याकडे आला की वाट मोकळी व्हायची. ५ जुलै १९८२, बार्सिलोना, इटलीविरुद्धचा सामना पोरांना मी मोबाइलवर दाखवलाय. इटलीच्या रोस्सीने पाचव्या मिनिटाला गोल केला. बाराव्या मिनिटाला ब्राझीलच्या झिकोने अंगावरच्या बचावपटूला गिरकीत चकवून पास सोडला आणि सॉक्रेटिसने इटलीचा गोलकीपर झोफच्या जवळच्या खांबाकडून चेंडू आत घातला. रोस्सीची हॅटट्रिक झाली, ब्राझील २-३ ने हरलं. तरीही माझ्या मते तो संघ त्या स्पर्धेतला सगळ्यात देखणा. १९८६ ला फ्रान्सविरुद्ध सॉक्रेटिसची पेनल्टी अडवली गेली, तेही पोरांपासून लपवलं नाही.

आमच्या गावात तत्त्वज्ञान मंदिर आहे, १९१६ पासूनचं, त्यामुळे सॉक्रेटिस म्हटलं की इथे आधी ग्रीकच आठवतो. या खेळाडूच्या वडिलांनाही तोच आठवला होता. ग्रीक तत्त्वज्ञांच्या वाचनातून त्यांनी पोरांची नावं ठेवली. १९६४ मध्ये ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता घेतली तेव्हा त्याच वडिलांना आपली पुस्तकं जाळताना दहा वर्षांच्या सॉक्रेटिसने पाहिलं. पुढे तो रिबेराव प्रेतोला डॉक्टरकी शिकला, शिकता शिकता तिथल्याच बोताफोगो क्लबकडून खेळला, आणि १९७८ मध्ये साओ पावलोच्या कोरिंथियन्समध्ये आला. तिथे त्याने आणि संघातले साथीदार व्लादिमिर, काझाग्रांदे यांनी मिळून क्लबच मतदानावर चालवला. सरावाची वेळ असो की नवा खेळाडू घेणं, कर्णधाराला एक मत आणि किट सांभाळणाऱ्यालाही एकच. १९८२ आणि १९८३ ची राज्य अजिंक्यपदं याच कारभारात आली. नोव्हेंबर १९८२ मध्ये लष्करी राजवट चालू असताना हा संघ पाठीवर ‘१५ तारखेला मत द्या’ असं छापून मैदानात उतरला. जर्सीच्या पाठीचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. १९८४ ला त्याने भर सभेत शब्द दिला होता, राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडण्याची दुरुस्ती मंजूर झाली तर देश सोडणार नाही. ती फेटाळली गेली आणि तो इटलीत फ्लोरेन्सच्या फियोरेंतिना क्लबकडे गेला.

हे सगळं दुकानदाराने मशीन चालू ठेवून ऐकलं. त्याच्या कॉम्प्युटरवरच्या तयार डिझाइनमध्ये छातीवर पाच तारे होते. एक तारा म्हणजे एक वर्ल्डकप, आणि १९८२ पर्यंत ब्राझीलने तो तीनदाच जिंकला होता म्हटल्यावर त्याने कटकट न करता ते काढले. आठचा आकडा आधी जाडजूड, फुगलेला आला होता. जुना फोटो दाखवला तर त्याने नवीन काढून कागदावर नमुना छापून दिला. इतकं ऐकून घेणारा छपाईवाला जळगावातसुद्धा मला भेटला नाही.

लग्नसराईत जाऊ नका, तेव्हा वरातीच्या टी-शर्टांत तो बुडालेला असतो आणि दिलेली तारीख पाळत नाही. मापं लहान बसतात. पाचवी-सहावीच्या मुलामुलींसाठीसुद्धा छाती मोजून एक साइज मोठीच सांगा.