ऑस्कर नामांकनांचा अंदाज बांधणारा तक्ता: एका मोसमाच्या वापरानंतर

आधी निकाल. ऑगस्ट 2024 ते जानेवारी 2025 हा अख्खा मोसम तक्त्यात भरला आणि अभिनयाच्या चार विभागांतल्या 20 जागांपैकी 16 बरोबर आल्या. काहीही न करता फक्त एसएजीची, म्हणजे नटांच्या युनियनची, यादी जशीच्या तशी उतरवली असती तर 15 आल्या असत्या. सहा महिन्यांच्या हमालीचा नफा एक नाव. तरीही तक्ता टाकून देण्यासारखा नाही. तो कुठे चुकतो ते कळलं की त्याचा उपयोग सुरू होतो.

रचना साधी आहे. एक ओळ म्हणजे एक नाव आणि एक विभाग. पहिल्यांदा तक्ता करणारे बहुतेक जण एका चित्रपटाला एक ओळ देतात आणि डिसेंबरात सगळं उसवून पुन्हा मांडतात. चार रकाने महत्त्वाचे: एसएजीला 3 गुण, बाफ्टाला (ब्रिटिश अकादमीचे पुरस्कार) 2, गोल्डन ग्लोबला 1, क्रिटिक्स चॉइसला (समीक्षकांचे पुरस्कार) 1. नामांकन असेल तर रकान्यात 1, नसेल तर 0. दिग्दर्शनाच्या पानावर एसएजीच्या जागी डीजीए, म्हणजे दिग्दर्शकांचं गिल्ड (व्यावसायिक संघटना). गुणांची वजनं सर्वांत वरच्या ओळीत एकदाच लिहायची आणि खालच्या सूत्रात त्या ओळीला $ लावून बांधायचं. $ विसरलात तर सूत्र खाली ओढताना वजनांची ओळही खाली सरकते आणि विसाव्या नावाला भलतेच गुण मिळतात. दुसरी कटकट नावांची. कार्ला सोफिया गॅस्कॉनच्या मूळ स्पॅनिश नावातल्या अक्षरांवर स्वरचिन्हं आहेत. एका पानावर ती असली आणि दुसऱ्यावर नसली, की शोधसूत्राला ती दोन वेगळी माणसं वाटतात आणि गुण मुकाट्याने शून्य होतात. प्रत्येक ओळीला क्रमांक द्या आणि जोडणी त्या क्रमांकावरून करा.

शून्य आणि रिकामा रकाना यांतला फरक मात्र जिवापाड जपावा लागतो. डब्ल्यूजीए, म्हणजे लेखकांचं गिल्ड, फक्त स्वतःच्या किंवा सहयोगी गिल्डच्या करारांखाली लिहिलेल्या पटकथा विचारात घेतं. त्यामुळे ‘द ब्रुटलिस्ट’ आणि ‘एमिलिया पेरेझ’ त्या शर्यतीत नव्हतेच. तिथे 0 लिहिलं तर तक्ता समजतो की लेखकांनी त्यांना नाकारलं. 2025 मध्ये डब्ल्यूजीएच्या दोन्ही पटकथा विभागांतली मिळून 10 नावं आणि ऑस्करची 10 नावं ताडून पाहिली तर जुळली फक्त 4: ‘अनोरा’, ‘अ रिअल पेन’, ‘अ कम्प्लीट अननोन’ आणि ‘निकेल बॉइज’. या रकान्याला गुण देणंच बंद करा. तो फक्त माहितीसाठी.

पहिले तीन-चार महिने तक्ता जवळपास निरुपयोगी असतो, हे कुणी आधी सांगत नाही. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर व्हेनिस, टेल्युराइड आणि टोरोंटोचे चित्रपट महोत्सव होतात, रकाने भरल्यासारखे वाटतात आणि माणूस उगाच खूश होतो. महोत्सवांचा रकाना अगदीच वाया जात नाही म्हणा. ‘अनोरा’ला कानमध्ये पाम दोर, म्हणजे तिथलं सर्वोच्च पारितोषिक, मिळालं होतं, ‘द सबस्टन्स’ला तिथेच पटकथेचं पारितोषिक. पण ‘अ कम्प्लीट अननोन’ कुठल्याही महोत्सवात न जाता थेट नाताळच्या दिवशी अमेरिकेत लागला आणि 8 नामांकनं घेऊन गेला. नोव्हेंबरपर्यंत त्याची ओळ कोरी होती.

खरी धावपळ 9 डिसेंबरला सुरू झाली. त्या दिवशी ग्लोबची नावं आली, 12 ला क्रिटिक्स चॉइसची, 17 ला ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या शॉर्टलिस्ट (काही विभागांच्या प्राथमिक याद्या), 8 जानेवारीला एसएजी आणि डीजीए एकाच दिवशी, 15 ला बाफ्टा. पीजीए, म्हणजे निर्मात्यांचं गिल्ड, लॉस एंजेलिसच्या वणव्यामुळे 16 पर्यंत लांबलं. त्याच वणव्यामुळे ऑस्करचं मतदानही 8 ते 17 जानेवारी असं वाढलं आणि नामांकनं 17 ऐवजी 23 ला आली. या तारखा तक्त्यात एका रकान्यात लिहून ठेवा, त्यांतून बरंच कळतं. बाफ्टाची नावं आली तेव्हा ऑस्करच्या मतदानाचे दोनच दिवस उरले होते. म्हणजे बाफ्टा मतदारांना वळवत नाही, मतदारांचा ताप मोजतो. दोन्हीकडे सदस्य असलेली बरीच मंडळी आहेत, त्यामुळे हा थर्मामीटर बरा चालतो.

किती बरा? एसएजीच्या यादीत नसूनही ऑस्करला आलेली नावं पाच: फर्नांडा टोरेस, सेबॅस्टियन स्टॅन, गाय पिअर्स, इसाबेला रोसेलिनी आणि फेलिसिटी जोन्स. टोरेस सोडून चौघेही बाफ्टाच्या यादीत होते आणि पाचही जण ग्लोबच्या यादीत होते. एसएजीची नावं युनियनच्या सदस्यांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडलेले सुमारे 2,500 जण ठरवतात. त्यांत मालिकांत आणि जाहिरातींत काम करणारेही आले. परदेशी चित्रपट आणि छोटा वितरक असलेला चित्रपट तिथे मार खातो. अकादमीच्या नटांच्या शाखेत गेल्या काही वर्षांत बाहेरच्या देशांतले सदस्य वाढलेत, त्यामुळे ही दरी दिसते.

आता सहायक अभिनेत्रीचा विभाग जवळून बघा, तक्त्याची सगळी दुखणी तिथे एकत्र सापडतात. मूळ वजनांनी गुण असे पडले: आरियाना ग्रांडे 7, झोई सल्डान्या 7, जेमी ली कर्टिस 5, रोसेलिनी 4, डॅनियल डेडवायलर 4, मोनिका बार्बारो 3, जोन्स 3, सेलेना गोमेझ 3. प्रत्यक्षात कर्टिस आणि डेडवायलर गळाल्या, बार्बारो आणि जोन्स आल्या. कारण उघड आहे. कर्टिसचा ‘द लास्ट शोगर्ल’ आणि डेडवायलरचा ‘द पियानो लेसन’ सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या शर्यतीत नव्हते. बार्बारो आणि जोन्स ज्या चित्रपटांत होत्या ते प्रत्येक मतदाराच्या बघायच्या यादीत वरच होते. मतदार जे बघतो त्यालाच मत देतो, एवढं सरळ आहे.

म्हणून नवा रकाना टाकला: चित्रपट पीजीएच्या दहांत असेल तर 3 गुण जास्त. लगेच रोसेलिनी 7 वर गेली, बार्बारो, जोन्स आणि गोमेझ 6 वर, कर्टिस 5 वरच राहिली. दोन जागांसाठी तिघींची बरोबरी, म्हणजे पहिल्यापेक्षा खूपच बरं. पण हाच रकाना सहायक अभिनेत्याला लावला तर तिथे बिघाड होतो. मूळ वजनांनी तो विभाग पाचपैकी पाच बरोबर होता. 3 गुणांचा हा बोनस मिळताच ‘विकेड’चा जोनाथन बेली 6 वर येतो आणि ‘द अप्रेंटिस’च्या जेरेमी स्ट्राँगशी बरोबरी करतो. बोनस 2 केला तर स्ट्राँग सुटतो, पण सहायक अभिनेत्रीत 5 गुणांवर कर्टिससकट चौघींचा घोळका होतो. एक बाजू शिवली की दुसरी उसवते. शेवटी 3 ठेवून बरोबरीतली नावं हाताने सोडवणं पसंत केलं. गोमेझ आणि सल्डान्या एकाच चित्रपटात असल्यामुळे तिथे गोमेझला खाली ढकलणं अवघड नव्हतं.

मग 5 जानेवारीच्या रात्रीचं काय? ऑस्करचं मतदान उघडण्याआधी तीनच दिवस ग्लोबचा सोहळा झाला. टोरेसने नाट्यपटातल्या अभिनेत्रीचा ग्लोब घेतला. त्याच रात्री स्टॅनने ‘अ डिफरंट मॅन’साठी विनोदी विभागातला ग्लोब घेतला, ऑस्करचं नामांकन मात्र त्याला ‘द अप्रेंटिस’साठी मिळालं. तक्त्याने पूर्णपणे सोडलेली ही दोन्ही नावं त्या रात्री मंचावर होती. ग्लोब जिंकल्यास 3 गुण असा रकाना केला असता, तर स्टॅन 6 वर जाऊन डॅनियल क्रेगच्या 5 च्या पुढे गेला असता आणि टोरेस 4 वर पामेला अँडरसनच्या बरोबरीला आली असती. ऐकायला छान. पण निकाल पाहून वजनं बदलणं म्हणजे पेपर फुटल्यावर अभ्यास करणं. हा रकाना एखाद्या नव्या मोसमात 2 गुणांनी चालवावा आणि मगच बोलावं.

दिग्दर्शनात तक्ता वेगळ्या प्रकारे फसला. ‘कॉन्क्लेव्ह’च्या एडवर्ड बेर्गरला चारही ठिकाणी नामांकन, पूर्ण 7 गुण. ‘अ कम्प्लीट अननोन’च्या जेम्स मॅनगोल्डला फक्त डीजीए, 3 गुण. नामांकन मॅनगोल्डला मिळालं. हे समजायला मतमोजणी समजून घ्यावी लागते, आणि बहुतेक अंदाजबहाद्दर नेमकी तीच टाळतात. मतदार नावं पसंतीक्रमाने लिहितो. पाच जागांसाठी कोटा म्हणजे एकूण मतपत्रिकांचा सहावा भाग आणि वर एक. दिग्दर्शकांच्या शाखेतून समजा 500 मतपत्रिका आल्या, तर 84 मतांवर जागा पक्की. मोजणी पहिल्या पसंतीपासून सुरू होते. ज्याला पहिल्या पसंतीची मतं सर्वांत कमी तो बाद, आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात. आपल्याकडे विधान परिषदेच्या निवडणुकीत जे चालतं त्याचंच हे भावंड. त्यामुळे 400 जणांनी चौथ्या-पाचव्या जागी लिहिलेला माणूस पहिल्याच फेऱ्यांत घरी जाऊ शकतो आणि 90 जणांचा जीव की प्राण असलेला आत येतो. तक्त्याचे गुण मोजतात किती मंडळांना नाव आवडलं. किती जणांनी ते सगळ्यांत वर लिहिलं, हे त्यांत कुठेच नाही. बेर्गरचं असंच झालं असावं. कोराली फार्जा मात्र उलट बाजूने आत आली: डीजीएत नाव नाही, पण ‘द सबस्टन्स’चे चाहते कट्टर.

डीजीएबाबत एक ठोस नियम मात्र हाती लागला. 2021 पासून दरवर्षी डीजीएच्या पाचांतून किमान एक जण गळतो आणि त्या जागी हॉलिवूडबाहेरचा दिग्दर्शक येतो: 2021 मध्ये थॉमस विंटरबर्ग, 2022 मध्ये र्‍युसुके हामागुची, 2023 मध्ये रुबेन ओस्टलुंड, 2024 मध्ये जस्टिन ट्रिए आणि जोनाथन ग्लेझर दोघंही, 2025 मध्ये फार्जा. पुढच्या मोसमात, 2026 मध्ये, गिलेर्मो देल तोरो गळाला आणि योआकिम ट्रियर आला. तेव्हा पाचवं नाव डीजीएतून कधीच उचलू नये. गळणारा कोण हे तक्ता सांगत नाही, ते मात्र खरं.

सर्वोत्कृष्ट चित्रपटाला पीजीएची दहाची यादी पुरेशी आहे. दहा जागा पुन्हा पक्क्या झाल्यापासूनच्या पहिल्या चार वर्षांत, 2022 ते 2025, त्यातले अनुक्रमे 8, 7, 10 आणि 8 चित्रपट ऑस्करला आले. 2025 मध्ये ‘अ रिअल पेन’ आणि ‘सप्टेंबर 5’ काढून ‘आय अॅम स्टिल हिअर’ आणि ‘निकेल बॉइज’ घालायचे होते. पीजीएच्या यादीत इंग्रजीबाहेरचा चित्रपट कमी दिसला की एक जागा त्यासाठी राखून ठेवा.

तांत्रिक विभागांत गुण वगैरे लावत बसू नका. दृश्यपरिणाम, ध्वनी आणि रंगभूषेला शॉर्टलिस्ट 10 ची, मूळ गाण्याला 15 ची. शॉर्टलिस्टबाहेरचं नाव सरळ खोडायचं आणि उरलेल्यांत ज्या त्या गिल्डची यादी बघायची.

आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या विभागात मात्र हा तक्ता वापरूच नये, विशेषतः आपण मंडळींनी. 2024 मध्ये भारतातर्फे ‘लापता लेडीज’ गेला. पायल कपाडियाच्या ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ला कानचं ग्राँ प्री (पाम दोरच्या खालोखालचं पारितोषिक) आणि दिग्दर्शनासाठी ग्लोबचं नामांकन मिळालं, तरी तेव्हा एका देशाचा एकच चित्रपट हा नियम असल्याने तो या विभागात नव्हताच. तक्त्यात मात्र त्याचे गुण भरत होते, कारण ग्लोबला असा नियम नाही. छाया कदम दोन्ही चित्रपटांत असल्यामुळे मराठी समाजमाध्यमांवर हा घोळ आणखी वाढला. 85 देशांतून 15 ची शॉर्टलिस्ट 17 डिसेंबरला आली, त्यात ‘लापता लेडीज’ नव्हता. ब्रिटनने पाठवलेला हिंदी ‘संतोष’ मात्र होता. या विभागासाठी वेगळं पान करा, पहिला रकाना ‘कोणत्या देशाने पाठवला’ आणि तो रिकामा असेल तर पुढे काहीच भरू नका. ‘श्वास’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘कोर्ट’ यांच्या वेळच्या मराठी आशा आठवतात त्यांना ‘आपला’ नावाचा अदृश्य रकाना किती गुण खातो ते माहीत आहे.

अंदाजांच्या साइटवर दिसणारी सरासरीही तक्त्यात घातली होती, ती काढली. सगळे एकमेकांचं बघून नावं वरखाली करतात, त्यामुळे तिथला आकडा स्वतंत्र पुरावा नसतो. आठवड्याभरात एखादं नाव पाच-सहा जागा वर सरकलं तर कारण शोधायला ती बरी, एवढंच.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा डिसेंबरपर्यंत रिकामं बसवण्याचा कापला, एक पहिल्या पसंतीची मतं न दिसण्याचा. वापरणार असाल तर एक काम न चुकता करा: घोषणा लॉस एंजेलिसला पहाटे साडेपाचला, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी सातला होते. साडेसहाला तक्त्याची प्रत काढून ती कुलूपबंद करा, तारीख-वेळेसकट. नाहीतर सव्वासातला प्रत्येकाच्याच तक्त्यात फर्नांडा टोरेस पाचव्या नंबरावर सापडते.