आठ महिने बाबा विरंगुळा केंद्रात जातात, त्याचा अनुभव

गेल्या वर्षी माघात आई गेली. पोळ्यापासून बाबा (वय 76) गावातल्या विरंगुळा केंद्रात जायला लागले. राळेगाव तालुक्यातलं आमचं गाव, कापसाचं. आता चैत्र सरत आला. कोणाच्या गावात असं केंद्र काढायचं चाललं असेल, तर त्यांच्या कामी येईल म्हणून लिहितो.

बाबा काही एकटे राहत नाहीत. मी, बायको, दोन पोरं, सगळे एकाच घरात. पण निंदण असो की वेचणी, आम्ही दोघं सकाळीच डबा घेऊन वावरात, पोरं शाळेत. घरी यायचं ते दिवेलागणीला. तेवढा सारा वेळ बाबांशी कोणी बोलत नव्हतं, आणि हे ध्यानात यायला आम्हाला फार उशीर झाला. रात्री ते मुकाट्यानं जेवून आडवे व्हायचे. वयामुळे असेल, असं आम्ही धरून चाललो. याचं मला आजही वाईट वाटतं.

पहिला महिना केंद्राचा काहीच उपयोग झाला नाही. ते सकाळी नऊ ते बारा उघडं असायचं. सकाळ तर पारावरही निघून जाते. घर खायला उठतं ते दुपारी, दोन ते पाच. चालवणाऱ्या पोरांना दोनदा सांगितलं. दसऱ्यानंतर त्यांनी वेळ बारा ते पाच केली आणि त्याच आठवड्यात सतरंज्या कमी पडल्या.

बायका मात्र येत नव्हत्या. टीव्ही, कॅरम, पत्ते, आणि भोवती सगळी माणसंच. शेजारच्या आजी दारापर्यंत येऊन परत फिरल्या. "माणसायत काय बसू बापा," म्हणाल्या. मग मागची खोली त्यांना दिली. तिथं त्या देवळासाठी कापसाच्या वाती वळतात. आता रोज आठ-नऊ जणी असतात.

सगळ्यात मोठा फायदा आमच्या मनातही नव्हता. बाबांचे पत्त्यातले जोडीदार एक दिवस मला म्हणाले, "सगळे हसले की तुझा बाप आधी तोंडाकडं पायते, मंग हसते." बाबांना ऐकू येत नव्हतं! घरात आम्ही मोठ्यानं बोलायचो, म्हणून कळलंच नाही. ऐकू येईना की माणूस बोलणंच टाळतो. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून 65 वर्षांवरच्यांना एकदाच 3000 रुपये मिळतात, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 2 लाखांच्या आत असेल तर. त्यात घरचे पैसे घालून कानाचं मशीन घेतलं. आता जेवताना केंद्रातल्या गोष्टी निघतात. ज्यांची लेकरं बाहेरगावी आहेत त्यांनी 14567 हा ज्येष्ठांचा मोफत हेल्पलाइन नंबरही लिहून ठेवावा.

उणिवाही आहेत. संडासाला तीन उंच पायऱ्या आहेत, धरायला काही नाही. आणि ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे, ते खाटेवरचे लोक तिथवर पोचतच नाहीत. गावाच्या त्या टोकाला असे चौघं आहेत. आठवड्यातून एक दुपार केंद्रातल्यांनीच त्यांच्याकडे जाऊन बसावं, असं मी सुचवलं आहे. अजून सुरू झालेलं नाही.

सध्या घोर उन्हाळ्याचा आहे. वर टिनं, पारा 45 च्या घरात जाणार, आणि दुपारीच तर तिथं बसायचं. कूलरसाठी वर्गणी चालू आहे. बाबांनी कापसाच्या चुकाऱ्यातले पाचशे रुपये मला न विचारता देऊन टाकले.