टेपचा बटवा, आठ महिन्यांनंतर

दिवाळीच्या सुट्टीत भाची राजेंद्रनगरला आमच्याकडे आली होती, तेव्हा आम्ही दोघींनी रंगीत टेपचा बटवा केला. तेव्हापासून तो रोज माझ्या पर्समध्ये आहे. सकाळी सिटी बसमध्ये सुट्टे पैसे, संध्याकाळी भाजी, रविवारचे पोहे-जलेबी, सगळं त्यातूनच चालतं. इंदूरचा मे महिना आणि पावसाळ्याची सुरुवात दोन्ही त्याने पाहिली, म्हणून आता नीट लिहिता येईल.

आधी टेपबद्दल, कारण निम्मं काम तिथेच बिघडतं. खजुरी बाजारात "रंगीत टेप" मागितली तर मला वायरला गुंडाळायची टेप मिळाली. रंग सुंदर, किंमतही कमी. पण ती पीव्हीसीची. लावताना ताणली जाते आणि मग हळूहळू आखडते. पहिला बटवा दोन दिवसांत भाजलेल्या पापडासारखा वळला. पार्सलची रंगीत टेपही चालत नाही, कडेला जरा चीर पडली की सरळ फाटत जाते. हवी ती कापडी टेप, म्हणजे डक्ट टेप. वर प्लास्टिकचा थर, मध्ये धाग्यांची जाळी, खाली रबरी गोंद. हाताने आडवी सरळ फाटते, हीच ओळख.

ही टेप आली युद्धातून. १९४३ मध्ये अमेरिकेत दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या वेस्टा स्टाउट या बाईंना दिसलं, की काडतुसांच्या खोक्यांवरच्या कागदी पट्ट्या ओढल्या की तुटतात आणि ऐन लढाईत सैनिकाचा वेळ जातो. त्यांची मुलं नौदलात होती. पाणी न शिरणारी कापडी टेप वापरा, असं त्यांनी थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना पत्र लिहून कळवलं. मला या बाईंचं फार कौतुक वाटतं.

आता कृती. टेप ४८ मिमी रुंद. २२ सेंमीच्या तीन पट्ट्या पाटावर चिकट बाजू वर करून, एकीवर दुसरी १ सेंमी चढवून ठेवल्या. त्यांवर आणखी तीन, चिकट बाजू खाली. वरचे जोड खालच्या जोडांवर येऊ द्यायचे नाहीत, म्हणून वरच्या पट्ट्या सेंमीभर सरकवल्या. माझा हात सारखा टेप खेचत होता. भाची म्हणाली, "मावशी, ओढू नकोस ना, नुसती ठेव. मग मधून बाहेर हात फिरव." तिचं अगदी बरोबर होतं. ओढलेली पट्टी नंतर आखडते आणि जोडलेल्या सगळ्या पट्ट्या वाकड्या होतात.

कडा छाटून ११ सेंमी रुंदीचं टेपचं कापड झालं. ते ८ सेंमीवर दुमडलं, वरचे ६ सेंमी झाकणाला राहिले. दोन्ही बाजू अर्ध्या रुंदीच्या पट्टीने बंद केल्या आणि झाकणाला चिकटणारा वेल्क्रो लावला. एकूण दीड मीटरच्या आत टेप लागली. कात्री दर दोन कापांनी चिकट होते. खोबरेल तेलाचा बोळा फिरवला की साफ.

तळाला जोड नाही, नुसती घडी आहे, आणि आठ महिन्यांत तिथे काहीही झालेलं नाही. दहाच्या एका नाण्याचं वजन ७.७१ ग्रॅम, म्हणजे वीस नाणी दीडशे ग्रॅमच्या वर. एवढा भार रोज उचलून घडी शाबूत आहे. आतल्या पिवळ्या टेपवर नाण्यांच्या घासण्याने शिशपेन्सिलीसारखा करडा रंग चढलाय आणि बाहेरून बोट फिरवलं तर दहाच्या नाण्याची गोल कड हाताला लागते.

बिघाड झाला मे महिन्यात. पर्स दुपारभर स्कूटरच्या डिकीत राहिली. संध्याकाळी बघते तर बाजूची पट्टी खाली घसरलेली, कडेने काळपट गोंद आलेला आणि दोन नाणी एकमेकांना चिकटलेली. वेल्क्रोचा एक तुकडा झाकणावरून सुटून हातात आला. उष्णतेने गोंद मऊ होतो आणि सारखी ओढ असली की पट्टी हळूहळू सरकते. अर्धी पट्टी प्रत्येक बाजूला जेमतेम १२ मिमी धरत होती, तेवढं पुरलं नाही.

मग जुनी पट्टी काढून पूर्ण रुंदीची लावली, पुढे २४ मिमी, मागे २४. बाहेर आलेल्या गोंदावर टाल्कम पावडर चोळली. वेल्क्रोला सुई-दोऱ्याने चार टाके घातले. सुई चिकट होते, तिलाही तेलाचं बोट लावायचं. त्यानंतर काही सुटलेलं नाही. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पर्स निथळत होती, पण बटव्यातली दहाची नोट कोरडी निघाली.

आता आईला असाच हवा आहे, निळा. टिचबटण नको म्हणते, दाबताना बोटं दुखतात. तेव्हा वेल्क्रोच, पण टाके पहिल्या दिवशीच घालणार आहे.