लॅब्रॅडॉरचं पिल्लू घेताय? आधी त्याची आई बघा

'डबल बोन लॅब, केसीआय पेपर, व्हॅक्सिन डन' अशी जाहिरात दिसली की हुरळून जाऊ नका. लॅब्रॅडॉरमध्ये 'डबल बोन' असा काही प्रकारच नसतो, तो विकणाऱ्यांनी काढलेला शब्द. आणि केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) कागद वंशावळ सांगतात, तब्येतीची हमी देत नाहीत. आम्ही घेतलेल्या पिल्लाचे तर तेही मिळाले नाहीत. "महिन्याभरात कुरिअरने येतील, मॅडम."

विक्रेता पुण्याबाहेरचा. आई दाखवा म्हटलं, तर "ती फार्मवर आहे, बाहेरचं माणूस गेलं की पिल्लांना इन्फेक्शन होतं" म्हणाला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवला. पिल्लू हायवेवरच्या हॉटेलसमोर गाडीच्या डिकीतून, पुठ्ठ्याच्या खोक्यातून हातात आलं. पैसे रोख घेतले. पावती मागितली तर "विश्वास नाही का?"

दोन-तीन दिवसांत पिल्लाने खाणं सोडलं. मग उलट्या आणि रक्ताची पातळ शी. तो वास एकदा नाकात बसला की जात नाही. डॉक्टरांनी शीचा नमुना किटवर टाकला, दोन रेघा उठल्या. पार्व्हो, कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार. मग त्यांनी पिल्लाचं तोंड उघडून दाखवलं. दाढा नुकत्या हिरडीतून डोकावत होत्या. लसीकरणाच्या कार्डावर वय दोन महिने, खरं वय जेमतेम पाच आठवडे. कार्डावर लशीचं स्टिकर होतं, पण मुदतीच्या तारखेचा कोपरा नेमका फाटलेला. शिक्क्यात डॉक्टरचा नोंदणी क्रमांक नाही. मानेवर स्कॅनर फिरवला, कातडीखालची ओळखीची मायक्रोचिपही नाही. तो आईचा व्हिडिओही त्यांनी बघितला आणि म्हणाले, "हिची आचळं सुकलेली आहेत. पाजणारी कुत्री अशी दिसत नाही."

म्हणजे खरी आई कुठे, कशी ठेवली आहे, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

सलाइन, इंजेक्शनं सगळं झालं, पिल्लू वाचलं नाही. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे, "टेन्शन घेऊ नका, दुसरं फ्री घेऊन जा." पार्व्होचा विषाणू घरात महिनोन्महिने टिकतो, नुसत्या फिनेलने जात नाही, ब्लीच लागतं. अशा घरात लगेच दुसरं पिल्लू आणायचं म्हणजे त्यालाही मरायला आणायचं. हा धंदा करणाऱ्याला हे माहीत नसेल?

2017 पासून केंद्राचे श्वान प्रजननाचे नियम आहेत. ब्रीडरची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. विकताना लस आणि चिप असावी लागते. मादीकडून वर्षाला एकच वेत घ्यायचं, आणि तेही ती दीड वर्षाची झाल्यावर. नोंदणी क्रमांक विचारा. समोरचा गडबडला, तर तिथूनच परत फिरा.

आमच्या डॉक्टरांच्या ओळखीच्या एका ब्रीडरबाईंनी तर आमचीच उलटतपासणी घेतली. घरी दिवसभर कोण असतं, गच्चीला कठडा आहे का, आधीचं पिल्लू कशाने गेलं. पार्व्हो म्हटल्यावर त्यांनी तूर्त पिल्लू द्यायला साफ नकार दिला. पण आई मात्र दाखवली, अंगणात, आचळांना लोंबकळणाऱ्या पिल्लांसकट.

चॅट, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि डॉक्टरांचा रिपोर्ट जोडून आम्ही मंडळाकडे तक्रार दिली आहे. त्या माणसाचा नंबर आता बदललाय. व्हिडिओ तोच आहे, सुकलेल्या आचळांचा. तुम्हाला आला, तर पैसे पाठवू नका.