पेनड्राइव्हवरचं पपी लिनक्स: सेव्हची सोय उत्तम, पण 30 मिनिटांची मुदत कमी करून घ्या

पपी लिनक्स ही छोटेखानी ऑपरेटिंग सिस्टिम जुन्या मशीनवरही झपाट्याने चालते, कारण पेनड्राइव्हवरून सुरू झाल्यावर ती जवळपास सगळं काम रॅममध्येच (वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या तात्पुरत्या मेमरीत) करते. काम हातचं जाण्याचा धोकाही तिथेच आहे. नवीन बुकमार्क, वायफायचा पासवर्ड, टाकलेला प्रोग्राम, होम फोल्डरमधली फाइल, सगळं आधी रॅममध्ये राहतं आणि पेनड्राइव्हवर उतरतं दर 30 मिनिटांनी. मधेच वीज गेली किंवा पॉवरचं बटण दाबून धरलं, तर शेवटच्या सेव्हनंतरचं सगळं गेलं.

रचनेमागचा विचार योग्यच आहे. पेनड्राइव्हमधल्या फ्लॅश मेमरीवर लिहिण्याला मर्यादा असते, आणि ब्राउझर तर सतत बारीकसारीक काहीतरी लिहीतच असतो. ते रॅममध्ये साठवून एकदम उतरवलं की पेनड्राइव्ह टिकतो आणि कामही अडकत नाही. पण कागदपत्रं लिहिणाऱ्यासाठी 30 मिनिटं फार झाली. मेनूतून पपी इव्हेंट मॅनेजर उघडा आणि सेव्ह सेशनच्या भागात हा आकडा 10 करा. 0 टाकलंत तर आपोआप सेव्ह होणं बंद होतं. ते फक्त डेस्कटॉपवरचा सेव्हचा आयकॉन आठवणीने दाबणाऱ्यांनीच करावं.

हा आयकॉन म्हणजे पपीची सगळ्यात कामाची गोष्ट. प्रोग्राम टाकला, सेटिंग बदललं, की लगेच दाबायचा. आधी उघडी फाइल तिच्या प्रोग्राममध्ये सेव्ह करा, मग आयकॉन दाबा; न साठवलेला मजकूर आयकॉन उचलत नाही. सूचनेची खिडकी जाईपर्यंत थांबा. मोठा प्रोग्राम टाकल्यावर स्वस्त पेनड्राइव्हवर चांगलाच वेळ लागतो, तेव्हा मशीन अडकलं असं समजून बंद करू नका.

खरंच उतरलं का, हे डोळ्यांनी बघता येतं. फाइल मॅनेजरमध्ये मुळापासून 'इनिटआरडी' (initrd) फोल्डरमध्ये जा. तिथलं 'पप_आरडब्ल्यू' (pup_rw) म्हणजे रॅममधला थर आणि 'पप_आरओ1' (pup_ro1) म्हणजे पेनड्राइव्हवरचा. होममध्ये एक छोटी फाइल बनवा, ती आधी फक्त पहिल्यात दिसेल. सेव्ह दाबल्यावर दुसऱ्यातही 'रूट' (root, पपीचं होम) फोल्डरमध्ये दिसली, म्हणजे व्यवस्था नीट चालतेय.

मोठे डाउनलोड मात्र या वाटेने नेऊच नका. रॅम भरते, आणि पेनड्राइव्हवरची सेव्ह फाइल (जिच्यात पपी सगळे बदल साठवतं) फुगते. 'एमएनटी'मधल्या 'होम' (/mnt/home) फोल्डरमध्ये ठेवलेली फाइल थेट पेनड्राइव्हच्या पार्टिशनवर जाते. तिथे कॉपी झाल्यावर टर्मिनलमध्ये सिंक (sync) कमांड द्यायची, कारण कॉपीची खिडकी बंद झाली तरी थोडा डेटा कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) हातात उरलेला असू शकतो.

अगदी पहिल्यांदा सुरू केल्यावर सेव्हसाठी जागाच तयार नसते. पहिल्या शटडाउनला पपी विचारतं, तिथे नको म्हटलं की त्या बैठकीतलं काहीही राहत नाही. पेनड्राइव्हचं पार्टिशन फॅट32 या फाइल सिस्टिमचं असेल तर सेव्ह फाइलच बनवावी लागते, तीही 4 जीबीच्या आत. लिनक्सची ईएक्सटी4 असेल तर सेव्ह फोल्डर निवडा: आकाराचं बंधन नाही, आणि जर्नल (बदलांची आधीच केलेली नोंद) असल्यामुळे अचानक बंद पडल्यावर फाइल सिस्टिम सावरण्याची शक्यताही जास्त.

एमएक्स लिनक्स या दुसऱ्या लिनक्समध्ये दोन्ही वाटा मिळतात: बदल रॅममध्ये ठेवून शटडाउनला (किंवा मधेच हाताने) सेव्ह करायचे, नाहीतर स्टॅटिक पर्याय घेऊन थेट पेनड्राइव्हवर लिहायचे. उबंटू लिनक्सचा पर्सिस्टंट (बदल जपून ठेवणारा) पेनड्राइव्ह थेटच लिहितो, पण तिथेही कर्नल नेहमीच्या सेटिंगला साधारण 30 सेकंदांपर्यंत डेटा धरून ठेवतो, म्हणून झटक्यात काढणं तिथेही धोक्याचंच. वीज बेभरवशाची असेल आणि सेव्हची सवय लागणार नसेल, तर एमएक्सचा स्टॅटिक पर्याय घ्यावा. हळू चालेल, पण काम राहील. बाकी सगळ्यांना पपीच सुचवू.

सेव्ह फाइल वापरात असताना तिची प्रत घेऊ नका. बूट करताना 'पीफिक्स=रॅम' (pfix=ram) हा पर्याय द्या, म्हणजे ती फाइल वापरात नसते. मग ती दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा.